अरुणाचलचं इनर लाइन परमिट: अर्जाआधी नद्या बघा

विमानाची तिकिटं झाली, तवांगचं हॉटेल ठरलं, आणि निघायच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "आयएलपी काढलं ना सगळ्यांनी?" आयएलपी म्हणजे इनर लाइन परमिट, अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना. मग धावपळ. खरं तर अर्ज सोपा आहे, ऑनलाइन होतो, शुल्कही फार नसतं. चुका होतात त्या फॉर्मच्या नाही, भूगोलाच्या. म्हणून आधी तो.

अरुणाचल प्रदेशचं क्षेत्रफळ 83,743 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या होती जेमतेम 14 लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला 17 माणसं. नेफाच्या (नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी, हे या भागाचं आधीचं नाव) काळात इथले विभाग होते कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित आणि तिराप. ही पाचही नद्यांची नावं. 1972 मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला, 20 फेब्रुवारी 1987 ला राज्य झालं, जिल्ह्यांचे तुकडे पडत गेले, पण आजही पश्चिम कामेंग, लोअर सुबनसिरी, अपर सियांग अशी नावं वाचली की कारभार नदीच्या खोऱ्यानं चालतो हे कळतं. नद्या बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेकडे आसामात उतरतात आणि मधले डोंगर आडवे जाऊ देत नाहीत. नकाशावर शेजारी दिसणारे दोन जिल्हे रस्त्यानं शेजारी असतीलच असं नाही. तवांग बघून लोअर सुबनसिरीतल्या झिरोला जायचं म्हटलं तर बहुतेक जण खाली भालुकपाँगला येतात, तेजपूरजवळून आसामच्या सपाटीनं पूर्वेला जातात आणि पुन्हा डोंगर चढतात. ट्रान्स-अरुणाचल महामार्गामुळे हे हळूहळू बदलतंय, पण अजून बेत आखताना सपाटी धरूनच आखावा.

याचा परमिटशी संबंध असा, की आसामात परमिट लागत नाही, पण तिथून अरुणाचलात शिरणाऱ्या रस्त्यावर चेक गेट असतं. तवांग, बोमडिला, दिरांगसाठी भालुकपाँग. इटानगरसाठी बांदरदेवा. पासीघाटकडे जाताना रुकसिन, आलोकडे लिकाबाली, नामसाई-तेजूकडे दिराक. दोन खोरी बघणार असाल तर दोनदा तपासणी होणार, हे धरून चाला. अर्जात भेटीची ठिकाणं विचारतात तेव्हा फक्त 'तवांग' लिहून मोकळे होऊ नका. वाटेत जिथे मुक्काम आहे आणि जिथे जायचा नुसता विचार आहे, तीही लिहा. नंतर वाढवण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

हे सगळं कशासाठी? मूळ कायदा 1873 चा, बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. चहामळेवाले आणि व्यापारी डोंगरातल्या जमातींच्या मुलखात घुसत होते, म्हणून इंग्रजांनी एक रेषा आखली आणि पासाशिवाय पलीकडे जायला बंदी केली. इंग्रजांचा हेतू फार उदात्त नव्हता, पण आज हीच रेषा स्थानिकांना आपली जमीन आणि ओळख राखायला उपयोगी वाटते. नागालँड, मिझोराम आणि आता मणिपूरलाही हीच पद्धत आहे. प्रत्येक राज्याचं परमिट मात्र वेगळं. अरुणाचलचं घेऊन नागालँडला चालत नाही.

पात्रता सरळ आहे. भारतीय नागरिक आणि अरुणाचलचा रहिवासी नाही, तर आयएलपी. परदेशी पासपोर्ट असेल तर प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, त्याचे नियम निराळे. इथे बरेच जण फसतात: अमेरिकेतला भाऊ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) घेऊन येतो आणि 'मी काय परका का' म्हणतो. या कामापुरता परकाच, त्याचा अर्ज वेगळा करायचा. नोकरी किंवा मजुरीसाठी जाणाऱ्यांचाही प्रकार वेगळा, त्यांना तिथल्या कामावर ठेवणाऱ्याची कागदपत्रं जोडावी लागतात. पर्यटकानं पर्यटक हाच प्रकार निवडावा.

कागदपत्रं दोनच: पासपोर्ट आकाराचा फोटो आणि फोटो असलेलं ओळखपत्र. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, यातलं एक. लहान मुलांचं आधार नसेल तर जन्मदाखला जवळ ठेवा.

खरी गोम आपल्या नावात आहे. आपली पद्धत स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. फॉर्म भरताना मधलं नाव कुणी लिहितं, कुणी गाळतं. आमच्या सोबतच्या एका काकूंच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मुलानं घाईत अर्ज भरला होता एका कार्डावरून, अपलोड केलं दुसरं. गेटवर पोलिसानं दोन्ही कार्डं शेजारी धरली, काकूंकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं. शेवटी सोडलं, पण मागे आठ गाड्या खोळंबल्या. तेव्हा जे ओळखपत्र अपलोड कराल त्यावरचंच नाव अक्षरन् अक्षर लिहा, आणि प्रवासात तेच मूळ कार्ड खिशात ठेवा.

अर्ज राज्य सरकारच्या ई-आयएलपी संकेतस्थळावरच भरावा. परमिट काढून देणारे एजंट भरपूर आहेत, पण अर्ध्या तासाच्या कामासाठी त्यांना पैसे आणि आधारची प्रत देण्यात मला शहाणपण दिसत नाही. ऑनलाइन जमलंच नाही, तर दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, तेजपूर इथल्या अरुणाचल सरकारच्या कार्यालयांत अर्ज करता येतो. परमिट आलं की प्रत्येकाच्या दोन-दोन छापील प्रती काढा. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि गेटवर बऱ्याचदा ड्रायव्हरच सगळ्यांचे कागद गोळा करून खिडकीशी जातो.

तारखा टाकताना परतीच्या दिवसाच्या पुढे दोन-तीन दिवस जास्त घ्या. मार्च 2024 मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून 13,700 फुटांवरच्या सेला खिंडीतला बर्फ चुकवता येतो, पण दरड बोगदा बघून कोसळत नाही. मुदत संपत आली आणि अडकलात, तर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कार्यालयात जा. तिथे जिल्हाधिकारी म्हणत नाहीत, डीसी म्हणतात. त्याखाली सर्कल ऑफिसर, आणि गावात लाल कोटातला गावबुढा, म्हणजे गावप्रमुख. होमस्टेत राहिलात तर हा लाल कोट दिसेलच. गावातला तंटा आधी त्याच्यापुढे जातो, म्हणून त्याच्याशी बोलताना जरा मानानं बोला.

एवढं करूनही आयएलपीवर बुमला होत नाही. तवांगपासून 37 किलोमीटरवर, 15,200 फुटांवर, चीनच्या सीमेवरची ही खिंड. तिच्यासाठी तवांगमध्ये डीसी कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, सैन्याचीही मंजुरी लागते, आणि जायचं ते स्थानिक गाडीनं. आदल्या दिवशी सकाळीच हॉटेलवाल्याला किंवा ड्रायव्हरला ओळखपत्र आणि आयएलपीच्या प्रती द्या, तो काढून आणतो. दुसरी छापील प्रत लागते ती इथे.