पांढरं बोट: खडू की लोणा?

आई अल्बुकर्कीला, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, आमच्याकडे आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पश्चिमेच्या भिंतीला टेकून मावळतीचे डोंगर बघत उभी राहिली. आत आली तेव्हा निळ्या साडीची पाठ पांढरीफटक! "अरे, लोणा लागलाय तुझ्या भिंतीला," तिने निकाल देऊन टाकला. सांगलीच्या जुन्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मी हसलो. म्हटलं, "आई, इथे वर्षाला जेमतेम २२-२३ सेंटिमीटर पाऊस. लोणा येईल कुठून?"

महिन्याभरात कळलं की ती त्या भिंतीपुरती चुकली होती आणि मी घरापुरता. पश्चिमेच्या भिंतीवर होता तो खडू, म्हणजे जुन्या रंगाची सुटलेली पूड. खरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे क्षार, उत्तरेच्या बाजूला, छताच्या पन्हळीखाली बसला होता. बोटाला दोन्ही सारखेच पांढरे लागतात, पण एकाचं दुखणं उन्हाचं आणि दुसऱ्याचं पाण्याचं.

आधी खडूबद्दल. पेंट म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारा बाइंडर. उन्हातले अतिनील किरण हा बाइंडरच तोडतात. तो झिजला की वरची पूड मोकळी होते आणि हात फिरवला की निघते. पूर्वी चुना फासलेल्या भिंतीला टेकलं की सदरा पांढरा व्हायचा, तसंच काहीसं. फरक इतकाच की चुन्याची भिंत पहिल्या दिवसापासून अंगाला लागायची, पेंटची मात्र वय झाल्यावर लागते. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. त्यात हवा कोरडी, ढग कमी, आणि इथली प्वेब्लो धाटणीची, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मातीच्या घरांसारखी, घरं सपाट छताची. वळचण नाही, की पागोळ्या गळतील असं छपराचं टोक नाही. अख्खी भिंत दिवसभर उन्हात. पेंटमधला टायटॅनियम डायऑक्साइड कुठला, यावरही बरंच ठरतं. अ‍ॅनाटेज जातीचा असेल तर तोच ऊन शोषून आजूबाजूचा बाइंडर खातो. रूटाइल जातीचा बराच सोशिक. म्हणून स्वस्त पेंट इथे लवकर खडू सोडतो.

लोण्याची गोष्ट उलटी. (या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लावला की तो थेट लोण्याच्या गोळ्यात जाऊन पडतो, त्याला इलाज नाही.) तो बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. सिमेंटच्या गिलाव्यात, विटांत, मातीत विरघळणारे क्षार असतातच. पाणी आत शिरतं, क्षार घेऊन पृष्ठभागाकडे सरकतं, तिथे उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आता माझी चूक बघा: कोरड्या हवेत लोणा कसा, असं मी विचारत होतो, पण पाणी भराभर उडतं ते या कोरड्या हवेमुळेच. एकदा ओल शिरली की क्षार बाहेर काढायला हीच हवा मदत करते. आणि ओल यायला पाऊसच लागतो असं थोडंच आहे? गवतावरचे फवारे रोज पहाटे भिंत भिजवतात. छतावरचा कूलर ठिबकतो. हो, नागपूरकरांचा असतो तसलाच, पाण्याचा. हिवाळ्यात उत्तरेच्या भिंतीशी साचलेला बर्फ हळूहळू वितळतो. आणि कठड्यातून बाहेर काढलेली ती लाकडी पन्हळ, जिला इथे स्पॅनिश शब्दाने कनाले म्हणतात, तिच्या बुडाशी भेग पडली की जुलै ते सप्टेंबरच्या वळवासारख्या सरींचं पाणी थेट गिलाव्यात.

ओळखायचं कसं? सगळ्यात आधी जागा बघा. खडू असतो दक्षिण-पश्चिमेला, सगळीकडे सारखा. खिडकीवरच्या छज्ज्याच्या सावलीत नसतो किंवा कमी असतो. लोणा असतो डागांनी, ओघळांनी, जमिनीलगतच्या पट्ट्यात, भेगेच्या कडेने. मग काळं फडकं घासा: खडू पिठासारखा मऊ, लोणा जरा खरखरीत, कधी चक्क कापसाच्या तंतूंसारखा फुललेला. चिमूटभर पूड वाटीतल्या पाण्यात टाका. खडूचं पाणी दुधाळ होतं आणि बुडाशी साका बसतो. ताजा लोणा बहुधा विरघळून जातो. जुना मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडीसारखा घट्ट होतो, तो विरघळत नाही. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस बघा, असा सल्ला फार ऐकू येतो. माझा त्यावर विश्वास नाही, कारण पुष्कळ पेंटमध्ये भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेटच घातलेलं असतं. फेस दोन्हीकडे येऊ शकतो.

निदान चुकलं तर पैसे जातात. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्याने सगळं घर एका मापाने मोजलं: जोरदार फवाऱ्याने धुवायचं आणि वरून जाड, रबरासारखा इलॅस्टोमेरिक थर. पश्चिमेच्या भिंतीला धुणं ठीक होतं. खडू धुवायलाच हवा, नाहीतर नवा रंग भिंतीला चिकटत नाही, पुडीला चिकटतो आणि पोपडे धरतो. धुऊन, वाळवून पुन्हा हात फिरवायचा. तरी पांढरं लागलं तर आत मुरून पूड बांधणारा प्राइमर. पण पन्हळीखाली हाच उपाय म्हणजे आगीत तेल. ओल्या भिंतीत आणखी पाणी मारायचं, क्षार विरघळवून परत आत ढकलायचे आणि वरून तोंड बांधायचं. मग क्षार थराच्या मागे साठतात, स्फटिक फुगतात, रंगाबरोबर गिलाव्याची खपलीही निघते. तिथे आधी गळती बंद करायची, कोरड्या ब्रशने क्षार झाडायचे, भिंत सुकू द्यायची, आणि मग रंग लावायचाच तर श्वास घेणारा, सिलिकेटचा किंवा चुन्याचा.

श्वासाचं हे प्रकरण इथल्या लोकांना फार महागात पडून कळलंय. न्यू मेक्सिकोतल्याच ताओसजवळच्या रांचोस दे ताओस गावात कच्च्या विटांचं सॅन फ्रान्सिस्को दे आसीस चर्च आहे. १९६७ साली त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला, दरवर्षीचं लिंपण वाचावं म्हणून. आत शिरलेली ओल अडकली, विटा मऊ पडू लागल्या. १९७९मध्ये तो सगळा गिलावा काढून पुन्हा माती लिंपली. आजही गावकरी दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जमून स्वतःच्या हातांनी लिंपतात.

आमचं घर काही अडोबीचं, म्हणजे तसल्या कच्च्या विटांचं नाही, लाकडी सांगाड्यावर स्टक्को, म्हणजे गिलावा आहे. तरी त्या जाड थराला मी नाही म्हटलं. पश्चिमेची भिंत एप्रिलचे धुळीचे वारे संपल्यावर रंगवली, तीही सकाळी, ऊन तिच्यावर यायच्या आत. तापल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि जोड दिसत राहतात. पन्हळीची भेग बुजवली. खालचा पट्टा अजून तसाच उघडा ठेवलाय, जुलैच्या सरी एकदा पडून जाऊ देत म्हणून. आई दर रविवारी फोनवर विचारते, "आला का रे परत?"