इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणून गॅरेजला कुलूप लागणार नाही

साताऱ्यात गॅरेजवाल्यांना अजून ऐकवलं जातं, ‘इलेक्ट्रिक गाडीला मेकॅनिक लागतच नाही.’ हे चूक आहे. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, सायलेन्सरची कामं जातील, मान्य. पण सस्पेन्शन, बेअरिंग, अलाइनमेंट, एसी, अगदी १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा तिथे असतेच. यवतेश्वरचा घाट उतरताना मोटरच गाडीला आवरते, म्हणून ब्रेक पॅड जास्त टिकतात. मात्र कमी वापरानं कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, गंजून अडकू शकतो आणि तो सोडवायला जाणता हातच लागतो. जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला मात्र प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका, हाताखालच्या पोरांनाही लावू देऊ नका. कारमध्ये तिथे शेकडो व्होल्ट असतात, जीव जाईल. शिवाय आज घेतलेल्या खासगी पेट्रोल गाडीची नोंदणीच १५ वर्षांची असते, म्हणजे जुनी कामंही इतक्यात संपत नाहीत.