ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग

ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग : संगणकावरील त्रिमितीय आराखड्यानुसार कच्चा माल थरावर थर चढवत वस्तू घडवण्याच्या उत्पादनपद्धतींचे सामूहिक नाव. रोजच्या व्यवहारात या पद्धतींना थ्रीडी प्रिंटिंग असेच म्हटले जाते. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग अशा मशिनिंगच्या पद्धतींत हव्या त्या आकारापेक्षा मोठा ठोकळा किंवा सळई घेऊन नको असलेला भाग कापून काढला जातो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये जिथे माल हवा तिथेच तो ठेवला जातो. गणेशचतुर्थीपूर्वी गोव्यातील चित्रशाळांत चिकणमातीची मूर्ती माती लावत लावत आकाराला येते, तर पाषाणाची मूर्ती शिळेतून कोरून काढावी लागते, तसाच हा भेद आहे. पण बहुतेक प्राथमिक माहिती एवढे सांगून थांबते, आणि ते अपुरे आहे. उत्पादनाचा खर्च कशामुळे वाढतो आणि वस्तूच्या मजबुतीची हमी कोठून मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे दोन्ही पद्धतींत अगदी वेगळी येतात, आणि कारखान्यात निर्णय घेताना त्यांनाच महत्त्व असते.

कार्यपद्धती : वस्तूचा आराखडा कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये तयार केला जातो, तो उपलब्ध नसेल तर मूळ वस्तू थ्रीडी स्कॅनरने मोजून मिळवला जातो. वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत मांडून तो बहुधा एसटीएल स्वरूपाच्या फाइलमध्ये साठवतात. त्रिकोण फार मोठे ठेवले तर गोल भोक छापल्यावर बहुभुजासारखे दिसते, आणि नवशिका माणूस त्याचा दोष प्रिंटरला देतो. स्लायसर नावाचे सॉफ्टवेअर या आकाराचे आडवे काप पाडते, प्रत्येक थरात नॉझलने किंवा लेझरने कोणत्या वाटेने फिरायचे ते ठरवते आणि तशा आज्ञा यंत्राला देते. प्लास्टिकची तार वापरणाऱ्या बहुतेक प्रिंटरांत या आज्ञा जी-कोडमध्ये असतात, म्हणजे सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे कापकामाचे यंत्र) ज्या भाषेत चालते त्याच भाषेत. सीएनसीवर काम केलेल्या माणसाने अशी फाइल उघडली तर एक्स, वाय आणि झेडच्या ओळी त्याला लगेच वाचता येतात. स्पिंडलच्या (कापणारे हत्यार फिरवणाऱ्या दांड्याच्या) वेगाच्या जागी नॉझलचे तापमान आणि पुढे ढकलायच्या प्लास्टिकची लांबी एवढेच त्याला नवे असते.

आयएसओ आणि एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थांच्या संयुक्त ५२९०० या मानकात या पद्धतींचे सात वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत परिचित वर्ग तापलेल्या नॉझलमधून प्लास्टिक सोडण्याचा. बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची तार, जिला फिलामेंट म्हणतात, रिळावरून खेचून वितळवली जाते आणि साधारण ०.४ मिलिमीटर भोकातून ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या थरांत पसरली जाते. पीएलए हे सर्वांत सोपे प्लास्टिक सुमारे १९० ते २२० अंश सेल्सिअसला छापले जाते, पण ६० अंशांच्या आसपासच ते मऊ पडू लागते. त्यामुळे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पीएलएचा मोबाइल-स्टँड वाकडा होतो. वरचा थर खालच्या थराला वितळून चिकटतो खरा, पण हा जोड एकाच थरातील सलग धाग्याइतका भक्कम नसतो. भिंतीवर लावायचा हुक उभा छापला आणि त्यावर वजन टांगले, तर तो वळणापाशी थराच्या रेषेवर सरळ मोडतो. तोच हुक आडवा झोपवून छापला तर धागे भाराच्या दिशेने जातात आणि तो कितीतरी जास्त भार सोसतो. आराखडा तोच, प्लास्टिक तेच, फरक फक्त प्रिंटरच्या पाटावर वस्तू कशी ठेवली याचा. मशिनिंगमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कसा पकडला यावर अचूकता अवलंबून असते, पण धातूची मूळची ताकद त्याने बदलत नाही.

हवेत अधांतरी छापता येत नाही, ही या पद्धतीची दुसरी मर्यादा. आडव्या पातळीशी साधारण ४५ अंशांपेक्षा कमी कोन करून बाहेर झुकणाऱ्या भागाखाली तात्पुरते आधार छापावे लागतात आणि नंतर ते तोडून ती जागा घासावी लागते. अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव रेझिनच्या पद्धतीतही आधार लागतात, मात्र तेथील थर ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर इतके पातळ असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत येतो, म्हणून दंतवैद्यक आणि दागिन्यांचे साचे यांसाठी ती वापरली जाते. नायलॉनची पूड लेझरने सांधण्याच्या पद्धतीत भोवतीची सुटी पूडच वस्तूला पेलून धरते, त्यामुळे आधारांची गरज उरत नाही. पुडीवर चिकटद्रव्याचे थेंब सोडणे, पदार्थाचेच थेंब फवारणे, धातूची तार किंवा पूड झोतात वितळवत चढवणे आणि पातळ पत्रे एकावर एक जोडणे हे उरलेले प्रकार होत.

धातूसाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पुडीच्या थरावर लेझर फिरवण्याची आहे. आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद कोठीत २० ते ६० मायक्रॉन जाडीचा पुडीचा थर पसरला जातो, लेझर त्यातील ठरलेला भाग वितळवतो, पाट तेवढाच खाली सरकतो आणि पुन्हा नवा थर येतो. असे हजारो थर झाल्यावर जाड धातूच्या पाटाला घट्ट जोडलेली वस्तू पुडीतून बाहेर काढली जाते.

इतिहास : जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८१ च्या सुमारास प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर रचण्याची पद्धत प्रसिद्ध केली, पण त्यांचे पेटंट पूर्णत्वास गेले नाही. १९८४ मध्ये फ्रान्समधील एका गटाने आणि त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी पेटंटसाठी अर्ज केले. फ्रेंच गटाचा अर्ज सोडून देण्यात आला, तर हल यांना १९८६ मध्ये पेटंट मिळाले आणि एसटीएल हे फाइलस्वरूपही त्यांच्याच कंपनीतून आले. पूड लेझरने सांधण्याची कल्पना टेक्सास विद्यापीठातील कार्ल डेकार्ड यांची, तर तार वितळवण्याची स्कॉट क्रंप यांची. क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. त्याआधी २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा खुला प्रकल्प सुरू केला होता. या दोन गोष्टी जुळून आल्यानंतर लाखोंच्या किमतीचे यंत्र काही हजारांत मिळू लागले. लोकांना थ्रीडी प्रिंटिंग हे अगदी अलीकडचे तंत्र वाटते ते यामुळे. कारखान्यांत त्याला चार दशके होत आली आहेत.

मशिनिंगशी तुलना : मशिनिंगमध्ये पैसा आकाराच्या गुंतागुंतीवर खर्च होतो. प्रत्येक नवा कोन म्हणजे जॉब सोडून पुन्हा बांधणे, नवे फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी पकड), नवे टूल (कापणारे हत्यार). आणि जिथे टूल पोचत नाही तो आकार करताच येत नाही. ठोकळ्याच्या पोटातून वळणे घेत जाणारी वाहिनी ड्रिलने पाडता येत नाही, कारण ड्रिल सरळच जाते. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये अशा वाहिनीला जवळजवळ वेगळा खर्च येत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो प्रत्येक थरातील एक रिकामा ठिपका असतो. प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डमध्ये (वितळलेले प्लास्टिक दाबाने भरायच्या साच्यात) आतल्या पोकळीच्या आकाराला धरून फिरणाऱ्या थंड पाण्याच्या वाहिन्या छापता येतात, त्यामुळे मोल्ड सर्वत्र सारखा थंड होतो आणि एका नगाला लागणारा वेळ कमी होतो. छपाईत पैसा जातो तो वस्तूचे आकारमान, तिची उंची आणि यंत्र अडकून राहण्याचा वेळ यांवर. म्हणून साधा, भरीव आणि मोठ्या संख्येने लागणारा भाग छापणे हा शुद्ध तोटा आहे. ऑटोमॅटिक लेथवर एखादे बुश (शाफ्टभोवती बसणारी आखूड नळी) मिनिटभरात उतरते; तेवढेच बुश धातूत छापायचे तर कित्येक तास, महागडी पूड आणि नंतरची सफाई एवढे सगळे पदरात पडते.

अचूकतेत मशिनिंग अजून बरेच पुढे आहे. चांगल्या सीएनसीवर दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत माप ठेवणे हे रोजचे काम असते, तर तारेच्या प्रिंटरवर दोन दशांश आणि धातूच्या प्रिंटरवर साधारण एक दशांश मिलिमीटरचा फरक गृहीत धरावा लागतो. बेअरिंग बसवायचे भोक, आटे, सील टेकणारा पृष्ठभाग यांना हे चालत नाही. त्यामुळे छापलेला धातूचा भाग जवळजवळ नेहमीच मशीनवर जातो. भर घालणारी पद्धत कापणाऱ्या पद्धतीची जागा घेणार, हे भाकीत अनेकदा ऐकू येते. ते करणाऱ्यांनी छापलेला भाग पाटावरून सुटताना पाहिलेला नसावा. वितळून लगेच गोठणाऱ्या धातूत इतका ताण साठलेला असतो की भाग पाटाला जोडलेला असतानाच तो भट्टीत घालून ताण उतरवावा लागतो, नाहीतर सोडवताच तो वाकतो. मग वायर-कटने किंवा बँडसॉने तो कापायचा, आधार तोडायचे, गरज असल्यास उच्च दाबाखाली तापवून आतील सूक्ष्म पोकळ्या बुजवायच्या आणि शेवटी महत्त्वाची मापे मिलिंग किंवा लेथवर आणायची. हे मशिनिंग करता यावे म्हणून आराखड्यातच अर्धा-एक मिलिमीटर जादा माल आणि पकडायला जागा ठेवावी लागते. ती विसरली तर भाग छापून होतो, पण चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरता येत नाही.

दुसरा भेद मालाचा. मशिनिंग करणारा कारखाना प्रमाणपत्रासह आलेली सळई विकत घेतो. तिची ताकद पोलादकारखान्यातच ठरलेली असते आणि कापल्याने ती फारशी बदलत नाही. छपाईत आकार आणि पदार्थ एकाच वेळी तयार होतात. लेझरची शक्ती, त्याचा वेग, पुडीचा ओलावा, ती किती वेळा वापरली गेली आहे, यांपैकी काहीही बिघडले तर बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या भागात आत पोकळी राहू शकते. म्हणून विमान किंवा रॉकेटाच्या भागांबरोबर त्याच पाटावर चाचणीचे तुकडे छापून ते ओढून तोडले जातात आणि मुख्य भागाची क्ष-किरणांनी तपासणी होते. छपाई स्वस्त झाली तरी हा खर्च लगेच कमी होत नाही.

जिथे गुंतागुंत जास्त, संख्या कमी आणि माल महाग, तिथे हे सगळे सोसूनही छपाई परवडते. इस्रोने ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे पीएसएलव्ही या रॉकेटाच्या चौथ्या टप्प्याच्या छापलेल्या पीएस४ इंजिनाची ६६५ सेकंद यशस्वी चाचणी घेतली. जुन्या पद्धतीत १४ भाग वेल्डिंगने जोडावे लागत. नव्या रचनेत ते एकसंध झाले, वेल्डिंगचे १९ जोड वाचले आणि ५६५ किलो फोर्जिंग व पत्र्याच्या जागी १३.७ किलो पूड पुरली. त्याच महिन्याच्या अखेरीस अग्निकुल कॉसमॉस या चेन्नईच्या कंपनीने एकाच तुकड्यात छापलेले इंजिन असलेले अग्निबाण रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडवले. बांधकामातही तत्त्व तेच आहे, फक्त नॉझलमधून काँक्रीट येते. बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधील टपाल कार्यालय २०२३ मध्ये असेच उभे राहिले.

गोव्यातील संदर्भ : गोव्याच्या औद्योगिक वसाहतींतील गरजा रॉकेटांहून फार साध्या आहेत. वेर्णा, कुंडई, मडकई, डिचोली येथील कारखान्यांत बसेल असे काम म्हणजे जिग (टूलला दिशा देणारा साचा), फिक्स्चर, तपासणीचे गेज, नव्या उत्पादनाचा नमुना. फिटरने जुळणीच्या वेळी भाग धरायला वापरायचा साचा ॲल्युमिनियममधून मिलिंग करून घ्यायचा तर मशीन मोकळे होण्याची वाट पाहावी लागते. तो प्लास्टिकमध्ये रात्रभर छापून सकाळी वापरता येतो आणि जुळला नाही तर बदल करून पुन्हा छापता येतो. औषधकारखान्यांत मात्र थोडे सावध राहावे लागते. गोळ्यांच्या पॅकिंग मशीनचे चेंज-पार्ट (गोळीच्या आकारानुसार बदलायचे भाग) वारंवार बदलावे लागत असल्याने ते छापण्याचा मोह होतो, पण तारेच्या प्रिंटरवर छापलेल्या पृष्ठभागावरील थरांच्या खाचांत पावडर अडकते आणि ती नीट धुऊन निघत नाही. औषधाला थेट स्पर्श करणारा भाग ३१६ स्टेनलेस स्टीलमधून कापून पॉलिश केलेलाच बरा. छापलेला भाग मशीनच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा.

येथील हवेचाही विचार करावा लागतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर ठेवलेले फिलामेंट पाणी शोषून घेते, आणि नायलॉनच्या बाबतीत तर एक रात्रही पुरते. अशी तार नॉझलमध्ये शिरली की आतील पाण्याची वाफ होऊन बारीक चटचट आवाज येतो, पृष्ठभागावर फोड उठतात आणि एका भिंतीकडून दुसरीकडे जाताना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबतात. नवखा माणूस तापमान आणि वेग बदलत बसतो; खरा उपाय म्हणजे रीळ ड्रायरमध्ये, पीएलए असेल तर ४५ ते ५० अंशांवर, काही तास सुकवणे आणि नंतर सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवणे.

दोन्ही पद्धती एकत्र येण्याची सर्वांत मोठी शक्यता जलवाहतुकीच्या दुरुस्तीत दिसते. मांडवी आणि झुआरीवरून खनिज वाहणाऱ्या बार्ज, मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यांची जुनी इंजिने यांचे सुटे भाग अनेकदा बाजारात मिळत नाहीत आणि त्यांची ड्रॉइंगही उपलब्ध नसतात. अशा वेळी झिजलेला पंपाचा इम्पेलर (पाणी खेचणारे पात्यांचे चाक) स्कॅन करून, झिजेची आणि ओतकाम थंड होताना आक्रसण्याची भरपाई आराखड्यात करून, त्याचा पॅटर्न (वाळूत साचा घेण्यासाठीचा नमुना) प्लास्टिकमध्ये छापता येतो. सुतार लाकडी पॅटर्न घडवायला जेवढे दिवस घेतो तेवढे येथे लागत नाहीत. हा पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा, ब्राँझ ओतायचे आणि थंड झालेल्या ओतकामाचे मधले भोक व चावीची खाच मशीनवर करून घ्यायची. छपाईचा वाटा येथे पहिल्या पायरीपुरता आहे. पाणी खेचणारा इम्पेलर ओतलेल्या ब्राँझचाच असतो आणि शाफ्टवर तो नीट बसेल की नाही हे टर्नरच्या हातात असते.