जुन्या डिझेल इंजिनाचं ऑइल नेमकं कधी मोजायचं?

डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा ऑइल कमी झालं की पेटतो, अशी अनेकांची समजूत असते. जुन्या गाड्यांतला हा दिवा पातळी पाहतच नाही, तो दाब पाहतो. इंजिनावरच्या छोट्या प्रेशर स्विचला साधारण 0.3 ते 0.5 बारपेक्षा कमी दाब जाणवला, की दिवा लागतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमधली पंपाची नळी ऑइलात बुडालेली असेपर्यंत दाब टिकून राहतो, त्यामुळे पातळी बरीच खाली गेली तरी सपाट रस्त्यावर दिवा गप्प बसू शकतो. मग एखाद्या वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) व त्याच्या बेअरिंगमधला काही मायक्रोमीटर जाडीचा ऑइलचा थर तुटतो. दिवा पेटतो तो तेव्हा, आणि तोवर नुकसानाला सुरुवात झालेली असते.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी, रोज काढून पाहणाऱ्याला सेन्सरची गरज नाही. पण रोज कोण पाहतं? आणि बराच पल्ला गाठलेलं डिझेल इंजिन थोडंफार ऑइल खातंच. त्यामुळे पातळी सांगणारा सेन्सर मागाहून बसवावासा वाटणं अगदी रास्त आहे. सेन्सर मिळवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते एका जागी न थांबणाऱ्या ऑइलची पातळी ठरवणं.

चालू इंजिनात ऑइलचा काही भाग फिल्टरमध्ये, हेडमध्ये, टर्बोकडे जाणाऱ्या नळीत फिरत असतो. चेंबरमध्ये उरलेलं ऑइल क्रँकच्या फेऱ्यांनी घुसळलं जातं आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. गाडी जोरात वळली आणि बाजूचा जोर गुरुत्वाच्या निम्मा झाला, तर ऑइलचा पृष्ठभाग सुमारे 27 अंशांनी कलतो. 25 सेंटिमीटर रुंद चेंबरच्या एका कडेला पातळी सहा सेंटिमीटर वर आणि दुसऱ्या कडेला तितकीच खाली! आता हेच चेंबर 30 सेंटिमीटर लांब धरा. त्यात एक लिटर ऑइल म्हणजे जेमतेम 13 मिलिमीटर उंची, आणि बऱ्याच इंजिनांच्या डिपस्टिकवर दोन खुणांमधलं अंतर साधारण एवढ्याच ऑइलचं असतं. सहा सेंटिमीटरच्या लाटेत हे 13 मिलिमीटर शोधायचे आहेत.

यातून वाट काढायला डिझेल इंजिनाचाच एक जुना गुण उपयोगी पडतो. किल्ली फिरवल्यावर, सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत आपण थांबतो. थंड इंजिनात हे काही सेकंद असतात. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल तोवर खाली उतरून निवांत झालेलं असतं. मोजायला याहून चांगली वेळ दिवसभरात मिळत नाही. इंजिन बंद आहे हे सर्किटला कसं कळणार? त्यासाठी तोच जुना प्रेशर स्विच कामी येतो: किल्ली चालू आणि लाल दिवा पेटलेला, याचा निरोगी गाडीत अर्थ इंजिन अजून फिरत नाही. मात्र त्याच वेळी हीटर प्लग बॅटरीतून भरपूर करंट ओढतात आणि व्होल्टेज घसरतं. म्हणून सेन्सरला थेट बॅटरीचा पुरवठा न देता रेग्युलेटरमधून स्थिर पाच व्होल्ट द्यावेत, नाहीतर बॅटरीची घसरण ऑइलची घसरण म्हणून वाचली जाईल.

रोज सकाळी मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. तापल्यावर ऑइल फुगतं. पाच लिटर ऑइल 20 अंशांवरून 90 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, की त्याचं आकारमान सुमारे पाव लिटरने वाढतं. थंड ऑइलची तुलना थंड ऑइलशीच केली, की ही भानगड बरीचशी मिटते.

सेन्सर कोणता? तरंगणाऱ्या चुंबकाचा आणि चुंबक जवळ आलं की जुळणाऱ्या रीड स्विचचा प्रकार समजायला सर्वांत सोपा. पण साधं निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढे कमजोर होऊ लागतं, शिवाय ऑइलमधला लोखंडी कीस त्याला चिकटतो. इंजिनासाठीच बनवलेला घेतला तरच ठीक. कपॅसिटिव्ह सेन्सर दोन पट्ट्यांमध्ये हवा किती आणि ऑइल किती हे ओळखतो, कारण ऑइलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पट्ट्यांमध्ये विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचा आकडा) हवेच्या दुप्पटीहून थोडा अधिक असतो. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी साचत जाते आणि हा आकडा बदलतो, म्हणून इथे माझा विश्वास त्यावर कमी. अल्ट्रासॉनिक सेन्सर तळातून ध्वनी पाठवून प्रतिध्वनीची वेळ मोजतो, पण त्याचं इलेक्ट्रॉनिक्स घरी जुळवणं कटकटीचं आहे.

मला सर्वांत पटतो तो उष्णतेवर चालणारा. बारीक तारेतून क्षणभर करंट सोडला की ती तापते. तिचा जो भाग ऑइलात बुडालेला असतो, तो लवकर थंड होतो, कारण ऑइल स्थिर हवेच्या सुमारे पाचपट चांगलं उष्णता वाहून नेतं. तारेचा रोध किती वाढला यावरून ती किती बुडाली आहे ते कळतं. काजळीने यात फारसा फरक पडत नाही. काही इंजिनांत अशी तार डिपस्टिकमध्येच बसवलेली असते.

मागाहून बसवताना चेंबरला भोक पाडण्यापेक्षा, त्याच इंजिनाच्या नंतरच्या आवृत्तीत सेन्सरच्या जागेसह आलेलं चेंबर मिळतं का ते आधी पाहावं. भोक पाडायचंच असेल तर चेंबर पूर्ण उतरवून, आणि नंतर कीसाचा कणही राहणार नाही असं धुऊन. सेन्सर शक्यतो मध्यावर हवा. मध्यापासून 15 सेंटिमीटर दूर बसवला आणि गाडी शंभरात पाच इतक्या उतारावर उभी राहिली, तर वाचनात साडेसात मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त चूक होते. क्रँकपासून अंतर ठेवावं, सील उष्णता सोसणाऱ्या फ्लुओरोरबरचं घ्यावं. मग ऑइल बदलताना अर्धा-अर्धा लिटर ओतत, प्रत्येक वेळी ते खाली उतरू देऊन वाचन टिपावं, कारण कुठलंच चेंबर सरळ डब्यासारखं नसतं.

वरच्या खुणेसाठीही दुसरा दिवा ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन. डिझेल इंजिनात पातळी वाढणं हे कमी होण्याइतकंच वाईट लक्षण आहे. गळका इंजेक्टर किंवा इंधन पंपाचं खराब सील डिझेल ऑइलात सोडतं, हेड गॅस्केट फुटलं तर पाणी उतरतं. डिझेलने ऑइल पातळ होतं. पातळी फार चढली, तर ते चेंबरमधले वायू बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, ओढलं जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून जाळू शकतं. डिझेलला स्पार्क लागत नसल्याने मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. हवा अडवावी लागते, किंवा मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून ते बंद पाडावं लागतं. म्हणून न भरताच पातळी वाढलेली दिसली, तर त्या सकाळी इंजिन सुरू करू नये. डिपस्टिक काढून वास घ्यावा. डिझेलचा वास लगेच ओळखू येतो.