वडी खाल्ल्यानंतरचे चार शांत दिवस

सोमवारी माळ्यावरची उंदीर मारायची वडी कुत्र्याने फोडून खाल्ली. अर्धवट कुरतडलेली वडी पाहून घरच्यांचं धाबं दणाणलं. दोन तास सगळे त्याच्याकडे टक लावून बसले, पण तो शेपूट हलवत होता आणि संध्याकाळी भाकरीही त्याने नेहमीसारखीच खाल्ली. मंगळवारी काही नाही, बुधवारी काही नाही. ‘पचलं त्याला’ म्हणून घर निर्धास्त झालं. शुक्रवारी सकाळी तो जागचा उठेना. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, श्वास जोरात चालला होता. डॉक्टरांनी ‘काही वावगं खाल्लं का?’ विचारलं, तेव्हा सोमवार कुणाच्या ध्यानातच आला नाही.

कुत्र्यामांजरांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही पशुवैद्यकाला हा घटनाक्रम ओळखीचा वाटेल. मधल्या शांत दिवसांमध्ये नेमकं काय होतं, हे समजून घेणं म्हणूनच फार गरजेचं आहे.

बाजारातल्या रंगीत वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडायोलोन असतं, वडीत त्याचं प्रमाण साधारण ०.००५ टक्के. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. वापरून झालेलं के जीवनसत्त्व शरीर फेकून देत नाही. एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा कामाजोगं करतं आणि ब्रोमॅडायोलोन नेमकं त्या विकरालाच अडवतं. पण रक्तात आधी तयार झालेले घटक शिल्लक असतात. ती शिल्लक संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. मग तीन ते पाच दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो, आणि तोही बाहेर दिसेलच असं नाही. पुष्कळदा तो छातीत किंवा पोटात होतो. वरून दिसतो तो फक्त गळाठा, खोकला किंवा धाप.

या विषाचं मूळ एका गोठ्यात आहे. १९३३च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन हिमवादळातून कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन त्याची गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातून लिंक यांच्या गटाने रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं. पुढे त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं. ब्रोमॅडायोलोन हा त्याचाच नंतरचा आणि कितीतरी चिवट भाऊबंद. उंदीर फार सावध प्राणी. खाल्ल्याखाल्ल्या त्रास झाला तर तो त्या खाण्याला पुन्हा तोंड लावत नाही. उशिरा परिणाम करणारं विष त्याला कळतच नाही, म्हणून हा उशीर या औषधाचा गुण मानला गेला. उंदराला चकवणारा तो उशीर आपल्यालाही चकवतो.

म्हणून वडी खाल्ल्याचं कळलं की कुत्रा हसतखेळत असतानाच दवाखाना गाठायचा. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी करवू शकतात. वेळ निघून गेली असेल, तरी के१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या हा खात्रीचा उतारा आहे. तो के१च हवा, के३चा इथे उपयोग होत नाही.

शेतातल्या कीटकनाशकाचं घड्याळ याच्या अगदी उलटं, मिनिटांत आणि तासांत चालणारं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी असलेलं ‘थायमेट’, म्हणजे फोरेट, हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. २०२०च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे, पण याच गटातली इतर औषधं वापरात आहेत. नसेकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलीन काम झाल्यावर लगेच तोडलं जायला हवं. हे विष ते तोडणाऱ्या विकराला निकामी करतं, आणि निरोप थांबतच नाही. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, जुलाब, नकळत होणारी लघवी, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, अंगभर थरथर, मग झटके. फुप्फुसांत स्राव साठून कुत्रा अक्षरशः आतल्या आत बुडतो. यावर अॅट्रोपीन स्राव आटवतं, पण स्नायूंची थरथर त्याने थांबत नाही. तिच्यासाठी प्रालिडॉक्झिम लागतं, आणि तेही विष विकराला कायमचं चिकटण्याआधी. कार्बामेट गटातल्या औषधाची लक्षणं हुबेहूब अशीच असतात, पण तिथे प्रालिडॉक्झिमची गरज सहसा पडत नाही. लक्षणं सारखी आणि उपचार वेगळे, म्हणून डब्यावरचं बारीक अक्षरातलं नाव इतकं मोलाचं. रिकामा डबा, फाटकं पाकीट, निदान लेबलचा फोटो तरी सोबत न्या. औषध कुत्र्याच्या अंगावर सांडलं असेल, तर हातमोजे घालून साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. तो अंग चाटून तेच पोटात घेतो.

आता घरगुती उपायांबद्दल, कारण माझ्या मते विषाइतकंच नुकसान तिथे होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत गावोगाव आहे. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो आणि झटके येऊ शकतात. फिनेल, अॅसिड, रॉकेल किंवा रॉकेलसारखा वास येणारं पातळ कीटकनाशक पोटात असताना उलटी करवली, तर ते येताना पुन्हा भाजत येतं किंवा फुप्फुसात शिरतं. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तर काहीही ओतू नये.

आणि दूध! झिंक फॉस्फाईडची काळसर पूड पिठात, तेलात कालवून उंदरांसाठी ठेवतात. जठरातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. मायेपोटी दूध-भाकरी घातली की आम्ल आणखी सुटतं आणि वायूही वाढतो. अशा कुत्र्याच्या उलटीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा उग्र वास येतो, आणि तो वायू माणसालाही घातक असतो. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

स्वयंपाकघरातली विषं थोडक्यात सांगतो. दहा किलोच्या कुत्र्याला चाळीसेक ग्रॅम डार्क चॉकलेटही त्रास देऊ शकतं. साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली आणतं. तापावर म्हणून आपली पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच देऊ नये. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. याचं कारण कित्येक वर्षं सापडत नव्हतं. अलीकडे अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांचं लक्ष टार्टारिक आम्लाकडे गेलं आहे, कारण क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे बेकिंगमध्ये वापरतात ती याच आम्लाची पूड, खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये अगदी तोच आजार दिसला. हेच आम्ल असलेली चिंच खाल्लेल्यांमध्येही दिसला. चिंचेचा गोळा आपल्या घरात बारमाही असतो, तेव्हा ही बरणी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवावी.

खाताना कुणी पाहिलं नसेल तर हिरड्यांकडे बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परततो. मग फोनवर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: काय खाल्लं, अंदाजे किती, केव्हा, आणि कुत्र्याचं वजन. उलटी झाली असेल तर थोडी बरणीत घेऊन जा.

मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कुत्रा गेला तर रडू आवरून आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि शवविच्छेदन करून घ्या. पुरून टाकल्यावर पुरावा हाती लागणं कठीण होतं.

आणि वडी खाऊन वाचलेल्या त्या कुत्र्याबद्दल एक राहिलं. ब्रोमॅडायोलोन यकृतात कित्येक आठवडे मुक्काम करतं, म्हणून के१च्या गोळ्या तीन-चार आठवडे चालतात. त्या थोड्या तेलकट-तुपकट खाण्याबरोबर दिल्या की जास्त शोषल्या जातात. दुसऱ्याच आठवड्यात कुत्रा अंगणात धावायला लागतो आणि गोळ्या चुकू लागतात. शेवटच्या गोळीनंतर दोन ते तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करायची असते. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.