जन्मक्रम वेगळा, कुटुंबाचा आकार वेगळा: थोरल्याला हुशार ठरवताना होणारी गल्लत

थोरलं मूल जास्त हुशार असतं हे लोक इतक्या खात्रीने बोलतात की हे मोजलं कसं असं कोणी विचारतच नाही. आणि खरी गल्लत तिथेच आहे, कारण मूल कितव्या नंबरचं आहे आणि घरात एकूण मुलं किती आहेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आकडेवारीत त्या सारख्या एकमेकींत मिसळतात.

समजा दोनच घरं आहेत. एका घरात एकुलतं एक मूल, आयक्यू 110. दुसऱ्या घरात चार भावंडं, चौघांचाही 100, म्हणजे तिथे थोरला-धाकटा काहीच फरक नाही. आता दोन्ही घरांतल्या पहिल्या मुलांचं ॲव्हरेज काढा, 105 येतं, बाकीच्यांचं 100. झालं, पहिली मुलं हुशार! पण नंबरामुळे काहीच झालेलं नाहीये, फरक आहे तो दोन घरांमधला. चौथ्या नंबरचं मूल चार किंवा जास्त मुलं असलेल्या घरातूनच येणार, पहिलं मात्र मुलं असलेल्या प्रत्येक घरात असतं, मग आईवडिलांचं शिक्षण, कमाई असल्या सगळ्या गोष्टी गुपचूप त्या नंबराच्या नावावर जमा होतात.

1973 मध्ये बेलमाँट आणि मॅरोला या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या जवळपास 4 लाख तरुणांच्या बुद्धीच्या टेस्टचा डेटा तपासला, त्यांनी कुटुंबाचा आकार वेगळा काढून बघितला तरी नंबर वाढला की स्कोअर उतरताना दिसला. पण तुलना होती वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची. 2000 मध्ये रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांचे स्कोअर शेजारी ठेवले आणि तो उतार गायबच झाला! मग जन्मक्रमाचं सगळंच खोटं का? तर तसंही नाही. 2007 मध्ये नॉर्वेतल्या 2 लाख 40 हजारांहून जास्त तरुणांच्या सैन्यभरतीच्या टेस्ट बघितल्या तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या मुलांत 2-3 पॉइंटचा फरक निघाला, आणि सख्ख्या भावांमध्ये तपासलं तरी तो टिकला.

मला त्यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट अशी की ज्यांचं थोरलं भावंड तान्हेपणीच गेलं होतं, म्हणजे जन्माने दुसरे पण घरात थोरले म्हणून वाढलेले, त्यांचे स्कोअर पहिल्या मुलांसारखे होते. म्हणजे पोटातल्या कुठल्या जैविक कारणापेक्षा घरात तुम्ही कोणाच्या जागी वाढलात याला जास्त वजन दिसतं. कारण काय यावर वाद आहे, धाकट्याला समजावून सांगताना थोरल्याचंच पक्कं होतं असं काहीजण मानतात, तर काहीजण म्हणतात की आईवडिलांचा वेळ पुढे वाटला जातो.

आता मोजण्याबद्दल, कारण घरोघरी इथेच फसगत होते. 10 वर्षांच्या ताईला 7 वर्षांच्या भावापेक्षा जास्त येणारच, त्यात बुद्धीचा काही निकाल नाही. विल्यम स्टर्न या मानसशास्त्रज्ञाने 1912 मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची पद्धत सुचवली, पुढे उत्तराला 100 ने गुणायला लागले, म्हणजे 10 वर्षांच्या मुलाला 12 वर्षांच्या मुलाइतकं जमलं तर 120. मोठ्या माणसांना हा हिशोब लागू पडेना, म्हणून 1939 मध्ये वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या टेस्टमध्ये तो सोडून दिला आणि स्कोअर त्याच वयाच्या लोकांच्या तुलनेत द्यायला सुरुवात केली, जिथे ॲव्हरेज 100 आणि दोनतृतीयांश लोक साधारण 85 ते 115 मध्ये बसतात. नॉर्वेचा डेटा म्हणूनच कामाचा आहे, थोरला असो की धाकटा, टेस्ट साधारण त्याच वयात झालेली.

2015 मध्ये रोरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या 20 हजारांहून जास्त लोकांचा डेटा घेतला, तिथे प्रत्येक पुढच्या नंबराला साधारण दीड पॉइंटचा उतार दिसला. हा दीड पॉइंट हजारो लोकांच्या ॲव्हरेजमध्ये दिसतो, एका घरात नाही. सख्ख्या भावंडांच्या आयक्यूत एरवीच 12 पॉइंटच्या आसपास फरक असतो, कधी थोरल्याच्या बाजूने कधी धाकट्याच्या, आणि एकाच मुलाने टेस्ट पुन्हा दिली तरी त्याचा आकडा दीड पॉइंटपेक्षा जास्त सहज हलतो.