सिगारमधला भुंगेरा: विषारी धुरीपासून शीतपेटीपर्यंत

१९२९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारची खोकी सरकत्या पट्ट्यावर ठेवून क्ष-किरणांच्या यंत्राखालून न्यायला सुरुवात केली. आतल्या किड्याची अंडी निकामी करायची, एवढाच हेतू. कल्पना जी. ए. रनर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाच्या १९१६ च्या प्रयोगांतून आली होती. यंत्र सततच्या वापराला टिकलं नाही आणि बेत बारगळला. दोन-तीन मिलिमीटरच्या किड्यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटला, यातच त्या काळच्या नुकसानीचा अंदाज येतो.

हा किडा म्हणजे लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, तांबूस तपकिरी, पाठीला बाक असलेला भुंगेरा. नुकसान करते ती त्याची अळी. निकोटिन बहुतेक किड्यांना विष ठरतं. हिला मात्र पोटातल्या यीस्टची साथ असते. हे यीस्ट जीवनसत्त्वं पुरवतं आणि विषारी द्रव्यं पचवायला मदत करतं. म्हणूनच हळद, मिरची, धणे असं काहीही तिला चालतं. सांगलीच्या हळदीच्या साठ्यांनाही याच किड्याचा उपद्रव होतो. ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची दमट पेटी, मसाल्याच्या कपाटाशेजारी ठेवू नये, ते यासाठी.

गोदामांनी दीर्घकाळ धुरीवरच भिस्त ठेवली. आधी कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोसायनिक वायू, मग मिथिल ब्रोमाइड, मग फॉस्फिन. कार्बन डायसल्फाइड पेट घेई, सायनाइड माणसालाही मारी. मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, काही सवलती वगळता, बंद झालं. उरलं फॉस्फिन. २० अंश सेल्सिअसच्या वर २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग वायू) चार दिवस, हे त्याचं जुनं प्रमाण. अर्धवट धुरीतून वाचलेल्या किड्यांची पुढची पिढी या वायूला दाद देईना, तेव्हा मात्रा आणि दिवस दोन्ही वाढवावे लागले. शिवाय फॉस्फिन तांब्याच्या तारा खातं. गोठवणीकडे लक्ष वळलं ते या पार्श्वभूमीवर. क्युबातले कारखानेही आता माल पाठवण्यापूर्वी तो गोठवतात.

थंडीचे दोन उपयोग आहेत आणि ग्राहक नेमकी त्यांचीच गल्लत करतो. ३० अंशांच्या आसपास हा किडा झपाट्याने वाढतो. १८ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, पण अंडी मरत नाहीत. म्हणजे १८ अंशांपर्यंत थंड ठेवलेलं सिगारचं कपाट किड्याला नुसतं ताटकळत ठेवतं. मुंबईच्या मे महिन्यात दोन दिवस वीज गेली, की त्याचं काम पुन्हा सुरू. मारायचं असेल तर उणे १८ ते उणे २० अंश हवेत, तेही सिगारच्या गाभ्यापर्यंत.

घरी करायचं तर सिगार झिपच्या दोन पिशव्यांत, शक्य तितकी हवा काढून बंद करावेत. २४ तास साध्या फ्रिजमध्ये, ७२ तास फ्रीजरमध्ये, परत २४ तास फ्रिजमध्ये आणि शेवटचे २४ तास खोलीत, पिशवी न उघडता. सगळा खेळ या शेवटच्या दोन टप्प्यांत आहे. थंड सिगारला दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं, बाहेरचं पान फुगतं आणि शिवणीपाशी उकलतं. पंचवीस सिगारचं लाकडी खोकं तसंच ठेवलं तर गाभा गार व्हायला बराच वेळ लागतो. त्याला ७२ तासांऐवजी पाच दिवस द्यावेत. फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवून आकडा बघावा. सारखं उघडझाक होणाऱ्या घरगुती फ्रीजरचं तापमान बऱ्याचदा उणे १२ च्या आसपासच घुटमळतं.

पानावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं, तर बहुधा भुंगेरा बाहेर पडून गेलेला असतो. खोक्याच्या तळाशी बारीक भुकटी सापडली, की त्या खोक्यातले सगळेच सिगार गोठवावेत. निवडत बसू नये. ह्युमिडॉर रिकामा करून झटकून पुसावा, सांधे आणि खाचा विशेष.

१९७९ मध्ये जपानी संशोधकांनी या किड्याच्या मादीचा गंध, सेरिकॉर्निन, ओळखला. हल्लीचे चिकट सापळे त्यावरच चालतात. त्यात नर अडकतात, अंडी घालणाऱ्या माद्या नव्हेत. त्यामुळे सापळ्याने किडा आटोक्यात येत नाही, आहे की नाही एवढंच कळतं. सापळा ह्युमिडॉरच्या बाहेर, खोलीत लावावा. आत लावला आणि झाकण उघडं राहिलं, तर बाहेरचे नर आपणच आत बोलावून घेतो.